थडग्यांना ९७ गुण, दवाखान्यात मात्र रांग

मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे अमेरिकेत मेमोरियल डे, युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. त्याआधीच आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत थडग्याथडग्यापुढे छोटे झेंडे रोवून होतात. त्या दिवशी पुष्पचक्रं वाहिली जातात आणि भाषणांत दरवर्षीचं वाक्य येतं: गेलेल्यांचं ऋण फेडायचं तर परत आलेल्यांची काळजी घ्या. भांडणाला तोंड फुटतं ते त्यानंतर. काळजी घ्यायची कुणी, सरकारने की बाजाराने?

हे भांडण ज्याच्या जिवावर चालतं ते खातं म्हणजे 'व्हेटरन्स अफेअर्स', माजी सैनिकांचं सरकारी खातं. विषय ओबामाकेअरचा असो की सर्वांसाठी मेडिकेअरचा, सरकारी आरोग्यसेवेच्या विरोधकांचं हुकमी पान ठरलेलं. सरकारी वैद्यकसेवा कशी असते ते बघायचंय? मग माजी सैनिकांच्या दवाखान्यात जा. इथे सरकार नुसतं बिल भरत नाही. इमारती सरकारच्या आणि डॉक्टरही सरकारी पगारावर. रुग्णालयं सुमारे १७०, नावं नोंदवलेले माजी सैनिक जवळपास ९० लाख.

या वादात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. याच खात्याकडे देशभरातल्या राष्ट्रीय दफनभूमीही आहेत. (आर्लिंग्टन नव्हे, ती लष्कराकडे.) यादवी युद्धातल्या मृतांसाठी १८६२ मध्ये सुरू झालेल्या या दफनभूमींपैकी बहुतेक १९७३ मध्ये लष्कराकडून या खात्याकडे आल्या. अमेरिकेतल्या ग्राहक समाधान निर्देशांकात २०१९ मध्ये खात्याच्या दफनभूमी विभागाला १०० पैकी ९७ गुण मिळाले. सरकारी असो वा खासगी, तोवर एवढे गुण कुठल्याच संस्थेला मिळाले नव्हते. यावर खवचट उत्तर तयार असतं: मेलेला माणूस अपॉइंटमेंट मागत नाही! खरंय, पण गुण देणारे जिवंतच असतात, मृतांचे नातेवाईक आणि अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक. तेव्हा 'सरकारला काही धड जमत नाही' हे सरसकट विधान निदान इथे तरी टिकत नाही.

मग दवाखान्यांत काय बिघडलं? २०१४ चं फिनिक्स शहरातलं याच खात्याचं रुग्णालय आठवा. नव्या रुग्णाला १४ दिवसांत डॉक्टर भेटलाच पाहिजे, असं फर्मान वॉशिंग्टनहून निघालं होतं आणि अधिकाऱ्यांच्या कामाचं मोजमाप त्याच्याशी जोडलं होतं. इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्यांची आणि व्हिएतनामवाल्या म्हाताऱ्यांची गर्दी वाढलेली, डॉक्टर अपुरे. १४ दिवस प्रत्यक्षात जमणं शक्य नव्हतं, मग ते कागदावर जमवण्यात आलं. सॅम फूट या निवृत्त डॉक्टरने ही लबाडी चव्हाट्यावर आणली. महानिरीक्षकांनी २२६ जणांचा नमुना तपासला, तेव्हा पहिल्या भेटीसाठी सरासरी ११५ दिवस लागल्याचं दिसलं. रुग्णालयाने कळवलेला आकडा होता २४. शिवाय सुमारे १७०० जणांची नावं अधिकृत प्रतीक्षायादीत नव्हतीच. खात्याचे प्रमुख जनरल शिन्सेकी, ज्यांनी व्हिएतनाममध्ये पायाचा काही भाग गमावला होता, त्यांनी ३० मे रोजी राजीनामा दिला. मेमोरियल डे सोमवारी सरकवण्याआधी ३० मे हीच त्याची तारीख होती.

फिनिक्सची ही गोष्ट लोकांना तोंडपाठ आहे. टोपेकाची मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. नव्वदीच्या सुरुवातीला कॅन्सासमधल्या टोपेकाच्या याच खात्याच्या रुग्णालयातली एक नर्स भाड्याची गाडी परत करायला गेली. तिथल्या माणसाने हातातल्या यंत्राने गाडीवरचा बारकोड वाचला. हेच औषधाच्या पाकिटावर आणि रुग्णाच्या मनगटावर का नको, असं तिच्या मनात आलं. त्यातून उभी राहिलेली पद्धत पुढे खात्याच्या सगळ्या रुग्णालयांत गेली. चुकीच्या रुग्णाला चुकीचं औषध जाऊ नये म्हणून बारकोड वापरायला अमेरिकेतली बरीच खासगी रुग्णालयं त्यानंतर शिकली. कागदी केसपेपर संगणकावर नेण्यातही हेच सरकारी खातं पुढे होतं. १९९४ नंतर केनेथ कायझर या डॉक्टरने खाटा कमी करून बाह्यरुग्ण दवाखाने वाढवले आणि पाच वर्षांत खात्याचा चेहरा बदलला. म्हणजे जे खातं दहा वर्षं नमुना म्हणून मिरवलं जात होतं, तेच पुढे बदनाम झालं. मालक तर तोच होता!

बरं, खासगी कंपनीच्या हाती दिलं की सुरळीत होतं म्हणावं, तर स्पोकेन शहरातलं याच खात्याचं रुग्णालय बघा. केसपेपरचं घरचं सॉफ्टवेअर काढून सर्नर कंपनीचं घ्यायचा सुमारे १० अब्ज डॉलरचा करार २०१८ मध्ये झाला. २०२० मध्ये स्पोकेनला ते सुरू झालं आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या हजारो तपासण्या व शिफारशी कुणी बघतच नसलेल्या एका रांगेत जाऊन पडल्या. २०२३ मध्ये पुढची अंमलबजावणी थांबवावी लागली.

तरी वारं खासगीच्याच दिशेने वाहतंय. २०१८ च्या मिशन कायद्याने साध्या उपचारासाठी सरकारी दवाखाना अर्ध्या तासाहून लांब असेल किंवा २० दिवसांत नंबर लागत नसेल, तर बाहेरच्या डॉक्टरकडे जायची मुभा दिली. गैरसोय टळते, हे मान्य. पण बाहेरची रांग नीट मोजलीच जात नाही, असं अमेरिकी संसदेची तपासणी संस्था जीएओ वारंवार बजावते आहे. २०२५ मध्ये तर खात्यातली ८० हजार माणसं कमी करायचा बेत बाहेर आला. ओरड झाल्यावर तो आकडा ३० हजारांवर आला.

सेवा स्वतः द्यायच्या ऐवजी बाहेरून विकत घ्यायची, हा प्रयोग आपल्याकडे २००३ पासून चालू आहे. माजी सैनिकांची ही आरोग्य योजना, ईसीएचएस, म्हणजे काय ते सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांना सांगायला नको. गावाहून पॉलिक्लिनिक गाठायचं, रेफरल घ्यायचं, मग यादीतलं खासगी रुग्णालय. वरून बिलं थकली की काही रुग्णालयं कार्ड बाजूला सारतात आणि आधी रोख भरा म्हणतात. काही यादीतूनच बाहेर पडतात. अशा वेळी निवृत्त सुभेदाराने भांडायचं कुणाशी? रुग्णालय दिल्लीकडे बोट दाखवतं, आणि दिल्लीतून उत्तर येतं की बिलाची छाननी चालू आहे.