खिडक्या पुसणाऱ्यांची दिवाळी जोरात जाते, मग उरलेले अकरा महिने काय?

नवरात्र संपलं की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. "खिडक्या पुसणारं कुणी आहे का ओळखीचं?" मग नंबरांची देवाणघेवाण होते. अर्धे फोन लागत नाहीत आणि जो लागतो त्याच्याकडे दिवाळीपर्यंतची तारीख नसते. अशा वेळी हातात वायपर घेऊन जो दारात उभा राहील, तो म्हणेल तो भाव. पुढे भाऊबीज होते, पाहुणे परत जातात आणि त्याच माणसाचा फोन वाजायचा बंद होतो.

साफसफाईच्या छोट्या धंद्यात उतरलेल्या अनेकांची गाडी इथेच अडकते. तीन-चार आठवडे पैसा खेळतो. त्या जोरावर हप्त्यावर दुचाकी घेतली जाते, सोबतीला एकाला कामावर ठेवलं जातं आणि डिसेंबरात दोघांना पुरेल एवढं काम नसतं. मग कुणीतरी सल्ला देतं की जाहिरात कर, रील टाक, ॲपवर नाव नोंदव. त्याने नवीन गिऱ्हाईक येतंही. पण एकदा येऊन गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा फोन का करत नाही, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

ते उत्तर दूधवाल्याकडे आहे. दूधवाला रोज नवीन घर शोधत नाही, त्याचा रतीब असतो. खिडक्यांचाही रतीब लागू शकतो.

ब्रिटनमध्ये हे कसं चालतं?

ब्रिटनमध्ये खिडक्या पुसणं हा जुना आणि रुळलेला धंदा आहे. तिथला खिडकीवाला ठरलेल्या गल्ल्यांमधली ठरलेली घरं दर चार किंवा आठ आठवड्यांनी करतो. याला तिथे 'राऊंड' म्हणतात. घरात कुणी नसलं तरी तो बाहेरून काचा पुसून जातो, पैसे नंतर खात्यात येतात. गंमत म्हणजे निवृत्त होताना तो हा राऊंड, म्हणजे नेहमीच्या घरांची यादी, दुसऱ्याला विकतो. बादली आणि शिडीला फारशी किंमत येत नाही, यादीला येते. महिन्याला त्या यादीतून किती कमाई होते, त्यावर भाव ठरतो.

आपल्याकडे बाहेरून असं काही करता येणार नाही, कारण मजले जास्त आणि खिडक्यांना ग्रिल. पण गणित तेच लागू पडतं. समजा, दोघांची जोडी दिवाळीत दिवसाला दोन घरं करते आणि एका घराचे १,५०० रुपये घेते. दिवसाचे झाले ३,००० रुपये. घरं दोनच, कारण वर्षभराची घाण काढायची असते, ट्रॅकमधली माती दगडासारखी झालेली असते आणि दोन घरांच्या मध्ये शहरभर फिरणं असतं.

आता तेच घर दर दोन महिन्यांनी केलं, तर खिडक्या फार खराब झालेल्याच नसतात. तीन तासांचं काम तासाभरात उरकतं. एकाच सोसायटीत ओळीने पाच घरं झाली आणि प्रत्येकी ६०० रुपये घेतले, तरी दिवसाचे ३,००० रुपयेच होतात. गिऱ्हाईकाला स्वस्त पडलं, जोडीची कमाई तेवढीच राहिली, शिवाय पेट्रोल वाचलं.

महिन्यात २० दिवस असं काम हवं असेल तर दर दोन महिन्यांनी होणारी २०० घरं लागतात. आकडा मोठा वाटतो, पण आजकाल तीन-चार टॉवरच्या एका सोसायटीतच एवढे फ्लॅट असतात. सगळे काही हो म्हणणार नाहीत. तरी पाच-सहा मोठ्या सोसायट्यांमधून २०० घरं जमू शकतात. सगळं शहर पालथं घालायची गरज नाही. खरं तर, लांबच्या एखाद्या चांगल्या गिऱ्हाईकाला नाही म्हणणं या धंद्यात जास्त फायद्याचं ठरतं.

पण लोक दर दोन महिन्यांनी का बोलावतील?

"दिवाळीला करतो की, मग मध्ये कशाला?" हे वाक्य ऐकावंच लागतं. त्यावर स्वच्छतेचं प्रवचन दिलं तर दार बंद होतं. कारण हंगामाचं द्यावं लागतं, आणि ते खरं असावं लागतं.

सगळ्यात पक्कं कारण मे महिन्यात सापडतं. अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं किंवा चिरा असतात. पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये साचलं की त्यातून बाहेर पडावं, ही त्यांची सोय. वर्षभराची धूळ, केस आणि कबुतरांची पिसं त्यात अडकतात. मग पहिल्या मोठ्या पावसात ट्रॅक भरतो आणि पाणी आत येऊन भिंतीला ओल धरते. घरमालक बिल्डरला शिव्या घालतो. खरं कारण बऱ्याचदा ती तुंबलेली भोकं असतात. मेच्या शेवटी ती मोकळी करून, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जाताना दाखवलं, की त्या घराला पुढच्या वर्षी समजावून सांगावं लागत नाही.

पाऊस संपला की जाळ्यांवर हिरवट थर आलेला असतो. हिवाळ्यात शेजारच्या बांधकामाची धूळ येते. कबुतरं तर बारमाही. यातलं ज्या घराला जे लागू असेल, तेच बोलावं.

आणि एक आमिष असं आहे की त्यापुढे सवलतीचं कुपन फिकं पडतं. वर्षभराच्या गिऱ्हाईकाला दिवाळीच्या आधीची तारीख सगळ्यात आधी आणि नेहमीच्याच भावात मिळणार. ऑक्टोबरात सगळा ग्रुप नंबर शोधत असताना ज्याची तारीख आधीच पक्की असते, तो माणूस शेजाऱ्याला हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

काचेवरचे डाग पाण्याचे असतात

कामच कच्चं असेल तर रतीब टिकत नाही. या कामातली निम्मी तक्रार एकच असते, पुसून गेल्यावर उन्हात पट्टे आणि ठिपके दिसतात. त्याचं कारण साबणापेक्षा पाण्यात जास्त असतं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाणी उडून जातं, क्षार काचेवर राहतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची अपेक्षित मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि बोअरचं पाणी अनेकदा त्याच्या पुढे जातं. क्षार मोजायचं पेनासारखं मीटर काही शे रुपयांत मिळतं. धरणाचं नळाचं पाणी साधारणपणे मऊ असतं, ते कॅनमध्ये भरून सोबत न्यावं.

दुसरा उपाय म्हणजे पाणी काचेवर सुकूच द्यायचं नाही. रबरी पातं असलेला वायपर नेमकं हेच करतो. आज वापरतात तसा हलका पितळी वायपर इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एत्तोरे स्टेकोने या खिडक्या पुसणाऱ्यानेच १९३६ च्या सुमारास बनवला. रबराची कडा झिजली की ते उलटवायचं किंवा बदलायचं. पुष्कळ लोक वायपर भारीतला घेतात आणि रबर मात्र वर्षभर तेच चालवतात. तापलेल्या काचेवर काम करू नये, पाणी लगेच सुकतं. म्हणून सकाळी पश्चिमेच्या खिडक्या आणि दुपारनंतर पूर्वेच्या.

ॲसिडचं मात्र जपून. जुने क्षाराचे डाग काढायला बाथरूमचं ॲसिड वापरलं की काच चमकते, पण ते अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम खातं आणि खाली संगमरवराची पट्टी असेल तर तिच्यावर पांढरा चट्टा पडतो. संगमरवराला व्हिनेगरही चालत नाही. तो चट्टा पॉलिश केल्याशिवाय जात नाही आणि ते गिऱ्हाईक कायमचं जातं. डाग न निघण्यातला असेल तर काम सुरू करण्याआधी सांगावं. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर सबब.

गेटवरची ओळख

माणूस घरात येणार, बेडरूमच्या खिडकीपर्यंत जाणार. त्यामुळे लोकांना भावाआधी भरवसा हवा असतो. दर वेळी तीच दोन माणसं यावीत, ओळखपत्र असावं, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेतलेली असावी. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे त्याच्या प्रती दिल्या की वॉचमनशी रोजची हुज्जत संपते. बूट बाहेर, खिडकीखाली जुनी चादर, आणि काढलेले पडदे होते तसे परत. काकूंच्या लक्षात काचेआधी हेच राहतं.

निघताना पुढची तारीख विचारायची. "गरज लागली तर फोन करा" असं म्हटलं की गिऱ्हाईक ऐंशी टक्के गेलंच समजा. तारीख ठरली तर ते राहतं. आदल्या दिवशी एक मेसेज. वहीत किंवा फोनमध्ये प्रत्येक घराची नोंद: किती पल्ले, कुठला रोलर खराब, कुत्रा आहे का, दुपारी बाळ झोपतं का. कोपरा राहून गेल्याची तक्रार आली तर दुसऱ्या दिवशी जाऊन फुकट करून द्यायचा, वाद न घालता. त्याच सोसायटीत परत जायचंच असतं, त्यामुळे हे फार महागात पडत नाही.

छज्जावर उभं राहायचं नाही

"आमच्या आधीचा मुलगा तर बाहेर उभा राहून पुसायचा," असं सांगणारं एखादं घर भेटतंच. तिथे नम्रपणे नाही म्हणायचं, गिऱ्हाईक गेलं तरी. बहुतेक स्लायडिंग खिडक्यांचा पल्ला वर उचलून आतल्या बाजूने काढता येतो आणि घरातच दोन्हीकडून धुता येतो. तो दोघांनीच उचलायचा, एकट्याने नाही. जी काच काढता येत नाही आणि आतून हाताला लागत नाही, ती सोडून द्यायची. दोरावरून काम करणं हा वेगळा धंदा आहे, त्याला प्रशिक्षण आणि वेगळी साधनं लागतात. खिडकीच्या ग्रिलला दोर बांधला म्हणजे सोय झाली असं मुळीच नाही.

ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले. त्यानंतर शिड्या मागे पडत गेल्या आणि जमिनीवर उभं राहून लांब काठीने, क्षार काढलेल्या पाण्याने काचा धुण्याची पद्धत पसरली. आपल्याकडे बंगले, रो-हाऊस आणि शोरूमला ती चालते. विम्याचंही बघावं. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. ते पुरेसं नाही, पण तेवढंही नसलेले लोक या कामात बरेच आहेत.

वाढवायचं कधी?

कागदपत्रांचा बाऊ नको. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. नुसती सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. रिकाम्या सकाळी भरायला जवळची दुकानं धरावीत. सलून, मेडिकल, सोनाराची पेढी यांच्या काचा दर आठवड्याला, शटर उघडताना, पंधरा मिनिटांत होतात. रक्कम छोटी असते, पण हातात रोख येते आणि दुकानदार चार लोकांना नंबर देतो.

तिसरा माणूस दिवाळीची गर्दी बघून घेऊ नये. दिवाळी सोडून सलग दोन-तीन महिने रतीबाच्या घरांना वेळेवर तारीख देता येत नसेल, तेव्हा घ्यावा. नव्या माणसाला जुन्या घरी एकट्याला पाठवायचं नाही. पहिल्या दोन फेऱ्या जुना माणूस सोबत हवा, कारण काकू दार उघडतात ते ओळखीचा चेहरा बघून.