परक्या गावातील शिक्षिका

मुलांनो, 'तालीम' हा शब्द तुम्हांला चांगला ठाऊक आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र पहिलवानांच्या आखाड्याला तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. नागपूरच्या धरमपेठेपासून साधारण पंचाहत्तर किलोमीटरवर, वर्ध्याजवळ, सेवाग्राम हे गाव आहे. तेथे या शब्दाचे हे अर्थ एकत्र आले. शिक्षण आणि हातांचा सराव यांची सांगड घालणारी 'नई तालीम' तेथे वाढली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अभ्यासक्रम ठरवण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच झाकीर हुसेन १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. मुलांनी मातृभाषेतून शिकावे आणि एखाद्या उद्योगाच्या आधाराने शिकावे, असे या समितीने सुचवले.

या कामात दूरदूरची माणसे सामील झाली. मार्जरी साइक्स या त्यांपैकीच एक. त्यांचा जन्म १९०५ साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिजला शिक्षण घेऊन १९२८ साली त्या मद्रासच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या. स्वातंत्र्यानंतर त्या सेवाग्रामला आल्या आणि १९५९ पर्यंत, सुमारे दहा वर्षे, तेथे राहिल्या.

परक्या मुलखात शिकवायला गेलेला माणूस तेथे रुळतो कसा? विचार करा. गावाची बोली त्याला समजत नाही. जेवण वेगळे, रीतिरिवाज वेगळे. मुले त्याच्याकडे कुतूहलाने पाहतात, पण मोकळेपणाने बोलत नाहीत. अशा वेळी "मला सगळे येते, तुम्ही ऐका," असे तो म्हणाला, तर तो कायम पाहुणाच राहील.

म्हणून पहिली गोष्ट भाषेची. साइक्सबाई मद्रासला तमिळ शिकल्या. १९३९ साली शांतिनिकेतनात गेल्यावर बंगाली शिकल्या आणि पुढे रवींद्रनाथांच्या साहित्याचे त्यांनी इंग्रजीत अनुवादही केले. शिक्षिका असूनही प्रत्येक नव्या ठिकाणी त्या आधी विद्यार्थिनी झाल्या.

दुसरी गोष्ट कामाची. सेवाग्रामच्या शाळेत सफाई, स्वयंपाक, शेती आणि सूतकताई हा शिक्षणाचाच भाग होता. वर्धा हा कापसाचा मुलूख. किती कापूस घेतला, किती सूत निघाले, किती वाया गेले, हे मोजताना गणित येई. कापूस काळ्या जमिनीत का पिकतो, हे विचारताना भूगोल येई. या कामात शेतकऱ्याचे मूल बाहेरच्या शिक्षकापेक्षा तरबेज असे. मग शिक्षकाने मुलांकडून शिकण्यात कमीपणा कसला? हात एकत्र राबू लागले, की परकेपणा आपोआप कमी होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. बाहेरून आलेला शिक्षक कधी ना कधी जाणारच. त्याच्यामागून शाळा बंद पडली, तर मुलांच्या हाती काय उरले? साइक्सबाईंकडे सेवाग्रामला मुख्यतः शिक्षक तयार करण्याचे काम होते. एक शिक्षक गेला तरी दुसऱ्यांनी काम चालवावे, हाच त्यामागचा हेतू.

साइक्सबाईंनी पुढे भारताचे नागरिकत्व घेतले. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, उद्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तुम्हीही एखाद्या अनोळखी गावी जाल. कदाचित शिक्षक म्हणूनही जाल. घरची उर्दू जपून तुम्ही मराठी शिकत आहात, म्हणजे या वाटेवरचे पहिले पाऊल तुम्ही टाकलेच आहे. नव्या गावात पाऊल ठेवाल, तेव्हा आधी तेथल्या लोकांचे ऐका, त्यांच्या कामाला हात लावा. मग तुमचे शिकवणेही ते आनंदाने ऐकतील.