१२३४५६७८९८७६५४३२१ : संख्या, लेखन आणि उच्चार

देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ज्या संख्याकुलास ‘डेमलो’ हे नाव दिले, त्यातील एक ठळक संख्या शीर्षकात दिली आहे. डेमलो हे मुंबईजवळच्या एका रेल्वे-स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, नाव; कल्पना तेथे सुचली म्हणून ते संख्यांना चिकटले. कापरेकरांच्या अंकविचारास निव्वळ करमणूक मानणारे गणितज्ञ होते. भाषेच्या अभ्यासकास मात्र हा प्रश्न इतक्या लवकर निकालात काढता येत नाही.

नऊ एकांची १११११११११ ही संख्या स्वतःशीच गुणावी. प्रत्येक वेळी एकेक घर डावीकडे सरकणाऱ्या एकांच्या नऊ ओळी पडतात. स्तंभांतील एकांची गणती एकापासून नवापर्यंत चढते व तशीच उतरते. कोठेही बेरीज नवापुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि अंकांचा जिना अभंग राहतो. दहा एकांचा वर्ग करताच मधल्या स्तंभात दहा होतात, हातचा घ्यावा लागतो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते.

आपली संख्या म्हणजे तीनाचा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार होय; तिचे विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो; अर्थात कापरेकरांच्या परिभाषेत ती ‘हर्षद’ संख्याही ठरते. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. वर्गत्व आणि ४५ विभाजक हे संख्येचे धर्म होत. ती अष्टमान पद्धतीने लिहिली तरी ते ढळत नाहीत. जिना आणि हर्षदत्व हे दशमान लेखनाचे धर्म होत.

लेखनातला हा जिना मराठी उच्चारात टिकत नाही. आपल्या रीतीने स्वल्पविराम देऊन १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असे लिहावे आणि मोठ्याने वाचावे : बारा, चौतीस, छप्पन्न, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याण्णव, शहात्तर, चोपन्न, तीनशे एकवीस. मराठीत एकक आधी व दशक मागून येतो. ‘चौतीस’मध्ये चार प्रथम ऐकू येतात. तेव्हा कानावर पडणारा क्रम २१, ४३, ६५, ८७, ८९, ६७, ४५, ३१२ असा असतो.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अठरा स्थाननामे आहेत. त्यांनी वाचल्यास एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक! परार्ध तेवढे शिल्लक राहते, आणि जिना कानालाही अखंड लागतो.

मग ही नावे गळाली कशी? ढाणकीच्या बाजारात काय किंवा मुंबईच्या पेढीवर काय, हिशेब लाख-कोटींतच होतो, हे एक कारण. परंतु गळतीतही नियम दिसतो. लक्ष, कोटी, अब्ज टिकले. त्यांच्यामधली अयुत, प्रयुत, अर्बुद लोपली. माझ्या मते ‘चौतीस’, ‘अठ्ठ्याण्णव’ यांसारखे दोन अंक एका शब्दात जोडणारे संख्याशब्द भाषेत रुळलेले असल्याने एकाआड एक स्थाननाम अनावश्यक झाले. अयुत व प्रयुत आता कोशांतच सापडतात. अर्बुद मात्र वैद्यकात गाठीच्या अर्थाने उरले आहे.