दुकान चालू असताना

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरचा खंड १८८५ मध्ये निघाला. पेठा, बाजार, तांबट, कासार, कोष्टी, वाणी यांच्याबद्दल त्यात पानंच्या पानं मजकूर आहे. कोण काय विकतं, माल कुठून येतो, हंगाम कोणता, साधारण मिळकत काय, सगळं बारकाईने टिपलेलं. फक्त दुकानदार स्वतः बोलताना त्यात क्वचितच ऐकू येतो. पुढे मराठीत त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला आणि बलुते-अलुत्यांचा संसार उलगडून दाखवला. ना. गो. चापेकरांनी १९३३ मध्ये आपल्या बदलापूर या एका गावावर जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे पुणे शहराची आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ साली छापून आला. ही आपली मोठी परंपरा आहे आणि तिचं ऋण मोजता येणार नाही. तरीही पेठेतल्या माणसाने आपला धंदा आपल्याच शब्दांत सांगितलाय, असं लेखन आपल्याकडे फार कमी आहे.

ते आता व्हायला हवं, आणि लवकर व्हायला हवं. गावोगावच्या बाजारपेठांतली फळ्यांची दुकानं मोडून तिथे गाळे निघताहेत. तिसरी पिढी पुण्याला नाहीतर बंगळूरला नोकरी करते. गल्ल्यावर बसलेला सत्तरीचा माणूस उठला की त्याच्याबरोबर पेठेची पन्नास वर्षं उठणार. सुदैवाने कॉलेजांतली मुलं, वाचनालयांचे कार्यकर्ते, हौशी अभ्यासक आपापल्या गावच्या दुकानदारांना बोलतं करायला निघालेले दिसतात. त्यांतले बरेच जण परत येऊन एकच तक्रार करतात: दुकानदार बोलत नाहीत.

मला हे पटत नाही. दुकानदार दिवसभर बोलतच असतो. आपण त्याच्याकडे जातो कसे, कधी आणि कोणाच्या ओळखीने, यावर सगळं ठरतं.

एक आकडा इथे ध्यानात ठेवावा. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या, आणि त्यांतल्या शंभरातल्या जवळजवळ ७२ ठिकाणी नेमाने पगारावर ठेवलेला एकही माणूस नव्हता. म्हणजे मालकच झाडू मारतो, मालकच वजन करतो, मालकच वसुलीला जातो. मुलाखतीचं शास्त्र शिकवणारी पुस्तकं सांगतात की शांत खोली निवडा, पंखा बंद करा, तासभर कोणी आत येणार नाही असं पाहा. या माणसाला तासभर शांत खोलीत नेणं म्हणजे त्याचं दुकान तासभर बंद करणं. तो नाही म्हणणारच. पण मी त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन की तो हो म्हणाला तरी त्याला तिकडे नेऊ नये. त्याची मुलाखत गल्ल्यासमोरच घ्यावी, गिऱ्हाईक येता-जाता.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी किराणा दुकानासमोरच्या बाकावर बसून मी दुकानदारकाकांशी बोलत होतो. मागे पाटी होती, ‘आज रोख उद्या उधार’. दुकान कसं सुरू झालं, हे त्यांनी सांगितलं, आणि ते कोणीही सांगतो तसंच होतं. वडिलांनी कष्टाने उभं केलं, सचोटी सोडली नाही, देवाची कृपा. उधारीचं विचारल्यावर पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, “आपल्याकडे ती भानगडच नाही.” तेवढ्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आली. अर्धा किलो साखर, चहापुडी, अंगाचा साबण. काकांनी न बोलता सामान बांधलं. मुलगी म्हणाली, “आई म्हणली, बिल आल्यावर देते.” “आईला सांग, घाई नाही,” असं म्हणत त्यांनी गल्ल्याखालून लांबुळकी लाल वही काढली, पान उलटलं आणि नोंद केली. वही उघडीच राहिली. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, “कारखान्याचं बिल हो. उसाचं.”

मग पाऊण तास ते त्या वहीवरच बोलले. ऊस तुटून गेला की शेतकऱ्याला १४ दिवसांत पैसे मिळावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पैसे थकले की शेतकरी थांबतो, ऊसतोड मुकादमाचा हिशेब थांबतो, पण घरात चहा थांबत नाही. तो चहा, ती साखर, ते तेल कुठल्या तरी वहीत चढत राहतं. दुकानदार तो भार अंगावर घेतो आणि स्वतः कऱ्हाडच्या होलसेलवाल्याकडे मुदत मागतो. होलसेलवाला एका मर्यादेपर्यंत थांबतो, मग माल रोखीनेच देतो, आणि त्या महिन्यात दुकानातल्या फळ्या अर्ध्या रिकाम्या दिसतात. त्यांच्या वहीत आडनावं नव्हती. ‘विहिरीवरची’, ‘मास्तरांची सून’, ‘टेकावरचा धाकटा’ अशा नोंदी होत्या. कोणाचं खातं कोणत्या वर्षी बंद झालं आणि का, हे त्यांना तोंडपाठ होतं. साखरेची अर्थव्यवस्था म्हणून जे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तिची किराणा दुकानातली बाजू मला त्या वहीत दिसली. शांत खोलीत बसलो असतो तर ‘आपल्याकडे ती भानगडच नाही’ यापुढे गाडी गेली नसती. मुलाखत मोडणारं ते गिऱ्हाईकच मुलाखत घेऊन आलं होतं.

म्हणून वेळ निवडताना दुकान ओस असण्याची वाट पाहू नये, आणि गर्दीतही शिरू नये. भवानी व्हायच्या आधी तर जाऊच नये. पहिला पैसा गल्ल्यात पडायच्या आत रिकाम्या हाताने काही विचारायला आलेला माणूस कोणत्याच पेठेत आवडत नाही. किराणावाल्याला महिन्याचे पहिले आठ-दहा दिवस टाळावेत, कारण पगारदारांचा महिन्याचा किराणा तेव्हाच भरला जातो. शिंप्याकडे लग्नसराईत आणि दिवाळीआधी जाऊ नये. मूर्तिकाराकडे गणपतीनंतर जावं, तेव्हा तो बसूनही बोलतो. आठवडी बाजाराच्या गावी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पेठ निवांत असते. सलून ही सगळ्यांत चांगली जागा. हात कामात असले की माणूस मोकळा बोलतो, आणि वाट पाहत बसलेली गिऱ्हाइकं मधेमधे दुरुस्त्या करतात. काहीतरी विकत घ्यावं हे सांगायला नको, पण एकदाच मोठी खरेदी करण्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं घ्यावं. पहिल्या भेटीत वही-पेन बाहेर काढायची गरज नाही.

दुकानदार बिचकतो, त्यामागे सबळ कारणं असतात आणि ती समजून घेतल्याशिवाय त्याच्या दारात उभं राहू नये. वही घेऊन प्रश्न विचारायला येणारा अनोळखी माणूस त्याच्या अनुभवात कोण असतो? विक्रीकरवाला, वजनमापांचा निरीक्षक, गुमास्ता तपासणारा, नगरपालिकेचा अतिक्रमणवाला. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, १ जुलै २०१७ चा जीएसटी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी, साडेतीन वर्षांत हे तिन्ही त्याच्या गल्ल्यावरून गेलं आहे. जुन्या पेठेतला गाळा बहुधा भाड्याचा असतो. भाडं कधीकाळी ठरलेलं, पागडी दिलेली, आणि मालकाच्या वारसांशी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली दावा चालू. अशा माणसाला ‘दुकान किती वर्षं तुमच्या ताब्यात आहे’ असा साधा प्रश्नसुद्धा कोर्टातल्या उलटतपासणीसारखा वाटू शकतो. शिवाय भाऊबंदकी. पाटीवर ‘आणि बंधू’ असतं, आणि बंधू समोरच्या ओळीत वेगळं दुकान थाटून बसलेले असतात. म्हणून उलाढाल, भाडं आणि वाटणी हे तीन विषय आपण होऊन काढू नयेत. ते निघायचे असतील तर त्याच्याच तोंडून निघतील.

ओळख कोणाची न्यावी? बहुतेक जण व्यापारी असोसिएशनच्या अध्यक्षांकडे जातात. त्यांना नमस्कार जरूर करावा. पण अध्यक्ष आपल्याला ज्या दुकानांकडे पाठवतात ती मोठी, प्रतिष्ठित आणि एकमेकांच्या नात्यातली असतात. सगळी पेठ ज्याला ठाऊक असते असा माणूस म्हणजे पिग्मी गोळा करणारा एजंट. पिग्मी ठेवीची ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीत सिंडिकेट बँकेने सुरू केली, आणि आपल्याकडे पतसंस्थांनी ती गावोगाव नेली. हा माणूस रोज संध्याकाळी सराफाच्या पेढीवरही जातो आणि पंक्चरवाल्याकडेही. कोण किती भरतो हे त्याला विचारू नये, त्यानेही सांगू नये. ‘जुनं माणूस कोण, गप्पांना बसणारं कोण’ एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. हमाल, चहावाला, हातगाडीवाला हे पेठेचे तसेच जाणकार.

पाटी नसलेले धंदे मात्र या वाटेनेही सुटतात, आणि ते बहुतेक बायकांचे असतात. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका हे त्याचं ठळक उदाहरण. चाळीतल्या एका खोलीत संसारही आणि धंदाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे या बायका व्यावसायिक म्हणून कागदावर आल्या. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखतींचं पुस्तक २००४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलं. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहत असताना झालेलं ते काम प्रत्येक अभ्यासकाने वाचावं. आजही प्रत्येक गावात पापड-कुरडया करून देणारी, ब्लाऊज शिवणारी, पहाटे पोळ्यांचे डबे भरणारी बाई आहे. तिला ‘तुमचा व्यवसाय’ म्हटलं की ती म्हणते, “छे, घरबसल्या थोडंफार करते.” ‘मावशी, पहिली ऑर्डर कोणाची होती?’ असं विचारलं की हिशेब सुरू होतो, आणि त्या हिशेबात नवऱ्याची सुटलेली नोकरी, मुलीची फी, गॅसची टाकी, सगळं येतं.

सालं विचारून काही हाती लागत नाही. ‘किती साली’ म्हटलं की माणूस गोंधळतो किंवा गोल आकडा फेकतो. त्याऐवजी सगळ्या पेठेने एकदम पाहिलेल्या गोष्टी पुढे कराव्यात. शेर-छटाक जाऊन किलो आला तेव्हा गल्ल्यावर कोण बसायचं? नवे पैसे १९५७ च्या एप्रिलमध्ये आले आणि मेट्रिक वजनं त्यानंतरच्या काही वर्षांत सक्तीची झाली. ते आठवणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना आधी गाठावं. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, कोयनेच्या पट्ट्यात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, मराठवाड्यात ७२ चा दुष्काळ, गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप. चिपळूणच्या बाजारपेठेत तर २२ जुलै २०२१ च्या पुराची आठवण अजून ओली आहे. तिथल्या व्यापाऱ्याशी बोलताना पाणी किती चढलं यापेक्षा चिखल काढल्यावर पहिला माल उधारीवर कोणी दिला, हे विचारावं. माणसांच्या आठवणीला कागदाचा आधारही शोधावा. १९४८ च्या कायद्याखालचा जुना गुमास्ता परवाना, बिलबुकं, गिऱ्हाइकांना वाटलेली कॅलेंडरं, लक्ष्मीपूजनाला पुजलेल्या वह्या. यांतलं काहीतरी माळ्यावर असतंच.

ध्वनिमुद्रण विचारूनच करावं, आणि नको म्हटलं तर खरोखर बंद करावं. शिकागोचे स्टड्स टर्केल, ज्यांचं कामकरी माणसांच्या मुलाखतींचं ‘वर्किंग’ हे पुस्तक १९७४ चं, टेपरेकॉर्डर हाताळण्यात कच्चे होते. समोरचा माणूसच त्यांना मदत करायचा आणि त्यातून दोघांमधला दबाव उतरायचा. आता मोबाइल गुपचूप चालू ठेवता येतो, म्हणूनच तो गल्ल्यावर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की त्याचंही बोलणं मुद्रित होतं, आणि त्याची परवानगी आपण घेतलेली नसते. त्या लाल वहीतली नावं मी कुठेही लिहिलेली नाहीत, ‘विहिरीवरची’ वगैरेसुद्धा इथे बदलून दिली आहेत.

लिहून झालं की छापण्यापूर्वी मजकूर दुकानदाराला वाचून दाखवावा. वाचायला देण्यापेक्षा वाचून दाखवणं बरं, कारण ऐकताना तो पुन्हा बोलायला लागतो. तो म्हणेल, भावाबद्दलचं ते वाक्य काढा. ते काढावं, कितीही चांगलं असलं तरी. अंक किंवा पुस्तक निघालं की त्याची प्रत आपण स्वतः नेऊन द्यावी. आणि मूळ ध्वनिमुद्रणं व पूर्ण टिपणं, त्याच्या संमतीने, गावच्या सार्वजनिक वाचनालयात जमा करावीत. विद्यापीठात पुण्या-मुंबईला ठेवली तर पेठेतल्या माणसाला ती कधीच दिसणार नाहीत. वाचनालयात ठेवली तर उद्या त्याची नात येऊन आजोबांचा आवाज ऐकू शकेल. सोबत दुकानाचा फोटो, पाटीवरची अक्षरं, गाळ्याची लांबी-रुंदी आणि शेजारच्या दोन्ही दुकानांची नावं लिहून ठेवावीत. गाळा पाडल्यावर तो रस्त्यावर नेमका कुठे होता, हे शोधायला तेवढंच उपयोगी पडतं.