नाण्याची साक्ष

नाणे हाती येताच वजन व कस पाहणे हा आम्हां व्यापाऱ्यांचा स्वभावच होय. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ग्रंथ सांगतो की, भडोचच्या पेठेत रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनाशी बदलण्यात नफा होई. परंतु आज अशा नाण्यांचे मोल तराजूवर ठरत नाही. इ. स. १९०६ मध्ये नाशिकनजीक जोगळटेंभीस नहपानाची, ग्रीक अक्षरे असलेली १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. बहुसंख्य नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविली होती. तो साठा मुशीत वितळता, तर ही साक्ष कायमची बुडाली असती. यास्तव बेळगाव-निपाणीकडील संग्राहक बांधवांनी नाणे घासू नये, सापडल्या जागेची नोंद ठेवावी व जाणकारांस दाखवावे. कुलपातले नाणे मुके. चार जणांत फिरले म्हणजेच ते बोलू लागते.