चेहऱ्यावरचं आम्ल, बाहेरचं ऊन

सकाळी ७

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फुलवाल्या बायका मोगरा ओवत बसल्या आहेत. हवा गार आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच. उंची १००० मीटरनं वाढली की अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी तीव्र होतात, आणि ती अंगाला गरम लागत नाहीत. नागपूरचा माणूस उन्हात डोकं-तोंड गुंडाळून निघतो. इथला भर दुपारी उघड्या चेहऱ्यानं स्कूटर चालवतो आणि पन्नाशीला आरशात बघून माझ्यासारख्या त्वचारोगतज्ज्ञाकडे येतो.

सकाळी ९.३०

दवाखाना उघडायच्या आधी सिस्टर आणि मी बाटल्या तपासतो. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, ट्रायक्लोरोॲसेटिक म्हणजे टीसीए: पीलची, म्हणजे कातडीचा वरचा थर सोडवायची, आम्लं. लेबल मोठ्यानं वाचायचं, टक्केवारीसकट. ३५ आणि ७० मधली चूक चेहऱ्यावर उमटते. आम्लाची वाटी पेशंटच्या चेहऱ्यावरून पलीकडे द्यायची नाही, हा इथला पक्का नियम. एक थेंब डोळ्यात गेला तर बाकी सगळं कौशल्य वाया.

सकाळी १०.१५

बँकेतून निवृत्त झालेल्या काकू. मूळच्या बेळगावच्या. गालांवर तपकिरी ठिपके, कपाळ रापलेलं, कातडी खरखरीत. गोऱ्या लोकांत उन्हाचं वय सुरकुत्यांनी दिसतं, आपल्याकडे आधी डागांनी. महिनाभर त्यांनी रात्री ट्रेटिनॉइनचं मलम आणि सकाळी सनस्क्रीन लावलंय. मलम काही दिवसांपूर्वी थांबवलंय. या सगळ्या तयारीला आम्ही प्रायमिंग म्हणतो. ते न करता आलेल्या पेशंटला मी पील करत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

चेहरा स्पिरिटनं पुसून तेलकटपणा काढला. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या घड्या, ओठांच्या कडा इथे पेट्रोलियम जेली, कारण आम्ल तिथंच साचतं. डोळ्यांवर ओला गॉज. मग ३५ टक्के ग्लायकोलिक, ब्रशनं: कपाळ, उजवा गाल, नाक, डावा गाल, हनुवटी. सिस्टरनं घड्याळ लावलं, हातपंखा धरला.

"चुरचुरतंय गं," काकू म्हणाल्या.

"चुरचुरणारच काकू. आग फार वाढली तर लगेच सांगा."

माझी नजर घड्याळापेक्षा कातडीवर जास्त. हलकी गुलाबी झाक सगळीकडे सारखी आली की थांबायचं. नाकाच्या बाजूला लाली जरा गडद व्हायला लागली, तिथं सोडाबायकार्बचं पाणी आधी लावलं, मग सगळ्या चेहऱ्यावर, मग गार पाण्याचे हबके. ग्लायकोलिक असं वेळेवर उदासीन करावं लागतं. टीसीएचं तसं नाही. त्यानं कातडीतली प्रथिनं गोठतात, पांढरा थर येतो आणि एकदा आला की पाण्यानं मागे फिरत नाही. म्हणून टीसीए मी निवडक जागीच वापरते.

वरच्या मृत पेशी सुटतात, खालून नवा थर येतो, दर तीन-चार आठवड्यांनी असं केलं की डाग फिके होतात. खोल सुरकुत्या आणि लोंबलेली कातडी यानं जात नाही, हे काकूंना पहिल्याच भेटीत सांगितलंय. परदेशात फिनॉलचा खोल पील करतात. तो हृदयाचे ठोके बिघडवू शकतो, मॉनिटर लावूनच करावा लागतो. आपल्या वर्णावर तो कायमचे पांढरे डागही ठेवू शकतो. मी तो करत नाही.

दुपारी १२

नवरीची आई. लग्न येत्या रविवारी. "स्वल्प ग्लो साकु, डॉक्टर." थोडासा ग्लो पुरे, म्हणे. मी नाही म्हणाले. पापुद्रे सुटायला आठवडा लागतो, आणि मांडवातलं ऊन वेगळंच. नाराज होऊन गेल्या. लग्नानंतर या म्हटलंय.

दुपारी १२.४०

हिला बघून मात्र वाईट वाटलं. पंचविशीची मुलगी, चेहरा लालबुंद, गालांवर बारीक शिरा, कातडी पातळ. मेडिकलमधून कुणी सांगितलं म्हणून दोन वर्षं 'गोरं होण्याचं' मलम लावलं. त्यात स्टिरॉइड होतं. अशा कातडीवर पील म्हणजे भाजणं. मलम हळूहळू सोडवायचं, महिनोन्महिने धीर धरायचा, एवढंच औषध. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल या गैरवापराविरुद्ध कित्येक वर्षं बोलतेय, तरी ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळते.

दुपारी ४

फॉलोअप. एक ऑटोचालक. हाताला आणि मानेला जुने डाग. पील मागत होते. मी लांब बाह्यांचा शर्ट, मानेला रुमाल आणि दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन एवढंच लिहून दिलं. दिवसभर उन्हात राहणाऱ्याला पील केला तर नव्या कोवळ्या कातडीवर ऊन पडून डाग आधीपेक्षा काळे होतात. पैसे घेऊन नुकसान करण्यात अर्थ नाही. मानेवरचा एक तीळ मात्र कडेला वेडावाकडा होता, त्याची बायोप्सी उद्या.

रात्री ८.३०

व्हॉट्सॲपवर फोटो. ऑनलाइन मागवलेला पील घरी लावला, आता गालावर ओली जखम. साध्या पाण्यानं धुवा, पेट्रोलियम जेली लावा, खपली काढू नका, सकाळी पहिल्या नंबरला या, असं कळवलं. अमेरिकेच्या एफडीएनं २०२४ साली अशा तीव्र पीलच्या बाटल्या स्वतः विकत घेऊन वापरू नका असा इशारा दिला. आपल्याकडे त्याच प्रकारच्या बाटल्या दोन दिवसांत घरपोच येतात.

पील करायचाच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे करा, आणि त्याआधी महिनाभर रोज सकाळी सनस्क्रीन लावा. ढगाळ असलं तरी, गार असलं तरी.