उसना चिरा

समजा, १९१० सालचं कोकण दाखवणारी एक मालिका आहे. चिऱ्याचं जुनं घर मिळालं आहे, ओसरी आहे, ओसरीवर झोपाळा आहे. नऊवारीतली सून हातात तांब्या घेऊन ओसरीवरून चालत जाते आणि कॅमेरा तिच्याबरोबर सरकत जातो. बारा सेकंदांचा शॉट. ऊन छान आलं आहे, चालणं छान झालं आहे. फक्त दाराशेजारच्या भिंतीवर विजेचा मीटर आहे आणि त्यातून निघालेली काळी वायर वर वाशापर्यंत गेली आहे.

टीव्हीच्या हिशेबानं सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर बारा सेकंदांच्या ३०० चौकटी झाल्या. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या चित्रात एका चौकटीत वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. या तीनशेच्या तीनशे चौकटींतून मीटर जायला हवा आणि तिथे चिरा दिसायला हवा. पण मीटरमागचा खरा चिरा कॅमेऱ्यानं पाहिलेलाच नाही. मग तो आणायचा कुठून?

चित्रणातली नको ती वस्तू काढण्याच्या या कामाला धंद्यात ‘क्लीनअप’ किंवा नुसतं ‘पेंट’ म्हणतात. आपण सहज म्हणतो की मीटर पुसला. खरं तर पडद्यावर काही पुसता येत नाही. पाटी पुसली तर खाली काळी पाटी उरते. चित्रातला मीटर खरवडला तर खाली भोक उरतं. ते बुजवायला दुसरीकडचं चित्र उसनं आणावं लागतं. ते कुठून आणलं यावर कारागिरी ठरते, आणि मला वाटतं, प्रामाणिकपणाही तिथेच ठरतो.

एका चौकटीतून तीनशेत

स्थिर छायाचित्रात हे काम आता शाळकरी मुलंही करतात. थॉमस नॉल आणि जॉन नॉल या भावांनी लिहिलेला फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आला, आणि त्यातलं शिक्क्याच्या चित्राचं क्लोन हत्यार पुढे घरोघर पोचलं. चित्रातली एक जागा दाखवायची, मग दुसऱ्या जागी कुंचला फिरवायचा. पहिल्या जागेचे ठिपके जसेच्या तसे दुसरीकडे उमटतात. आपल्या भिंतीवर शेजारचे तीन-चार चिरे निवडायचे, त्यांचे तुकडे जुळवायचे आणि मीटरवर बसवायचे. एकच चिरा सगळा उचलायचा नाही, कारण जांभ्या दगडाला भोकं असतात आणि तीच भोकं शेजारी-शेजारी दोनदा दिसली की भिंत खोटी वाटायला लागते.

हेच काम तीनशे चौकटींत तीनशे वेळा वेगवेगळं केलं, तर प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे सुंदर दिसेल. चित्र चालू झालं की मात्र तो भाग उकळत्या पाण्यासारखा थरथरेल, कारण हात कितीही सराईत असला तरी दर वेळी केसभर इकडेतिकडे होतोच. म्हणून उलट वाटेनं जातात. एकच चौकट मन लावून रंगवायची, तेवढ्या भागाचा तुकडा, म्हणजे ‘पॅच’, वेगळा काढायचा आणि कॅमेऱ्याबरोबर भिंत जशी सरकते तसाच तो पॅच सरकवत न्यायचा. त्यासाठी भिंत किती आणि कुठे सरकली हे संगणकाला कळावं लागतं. हे ओळखणं म्हणजे मोशन ट्रॅकिंग.

त्याच्या मुळाशी असलेल्या गणिताचा एक महत्त्वाचा टप्पा १९८१ चा आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रूस लुकास आणि ताकेओ कानादे यांनी दोन चित्रं एकमेकांवर जुळवण्याची एक पद्धत मांडली. पहिल्या चित्रातला छोटा चौकोन घ्यायचा, त्याची उजेड-अंधाराची ठेवण पाहायची आणि दुसऱ्या चित्रात तो किती सरकवला म्हणजे फरक कमीत कमी उरतो, ते काढायचं. गृहीत एवढंच, की दोन चौकटींच्या दरम्यान त्या जागेचा उजेड फारसा बदललेला नाही आणि ती फार लांब गेलेली नाही.

पण चौकोन कुठला घ्यायचा? चिऱ्याच्या भिंतीकडे कागदाच्या बारीक भोकातून पाहा. भोकात फक्त दोन थरांमधली आडवी सांध दिसत असेल, तर भिंत सांधेच्या रेषेत सरकली तरी दृश्य तेच राहतं. सरकल्याचं कळतच नाही. नुसता सपाट गिलावा असेल, तर कुठल्याच दिशेचं कळत नाही. आडवी आणि उभी सांध जिथे मिळते तो कोपरा भोकात असेल, तर भिंत कुठेही हलली तरी लगेच उमगतं. जियानबो शी आणि कार्लो तोमासी यांनी १९९४ च्या निबंधात माग काढायला कोणते बिंदू चांगले, याचं गणिती उत्तर दिलं, आणि कोपरा चांगला का हे त्यातून नेमकं कळतं. ट्रॅकर लावणारी मुलं आजही आधी कोपरेच शोधतात.

बिंदूंची एक अडचण असते. सून चालत आली, तिच्या पदरानं कोपरा झाकला, की ट्रॅक तुटतो. म्हणून पुढे बिंदूऐवजी आख्ख्या पृष्ठभागाचा माग काढणारी साधनं आली. त्यांतलं ‘मोका’ हे इंग्लंडमधल्या इमॅजिनिअर सिस्टिम्सचं साधन इतकं रुजलं, की २०१३ मध्ये ते घडवणाऱ्यांना ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. भिंतीचा एक तुकडा पदराआड गेला तरी उरलेल्या भिंतीवरून साऱ्या सपाटीचा कल, फिरणं, लहानमोठं होणं ते ओळखतं. मग आणखी एक युक्ती करता येते. हालचाल उलटी लावून भिंत पडद्यावर स्थिर करायची, स्थिर भिंतीवर निवांत रंगवायचं आणि शेवटी काढून घेतलेली हालचाल परत द्यायची.

तरीही काम संपत नाही. वायर भिंतीवरून वाशावर गेली आहे, आणि वासा भिंतीच्या पुढे आहे. कॅमेरा सरकताना जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. म्हणून भिंतीचा एक ट्रॅक आणि वाशाचा वेगळा. सून मीटरसमोरून जाते तेव्हा पॅच तिच्या मागे राहायला हवा. त्यासाठी तिची बाह्यरेषा चौकटीमागून चौकट आखावी लागते. या ‘रोटो’ची मुळं मॅक्स फ्लायशर यांच्या रोटोस्कोपमध्ये आहेत, त्याचं पेटंट त्यांना १९१७ मध्ये मिळालं. तेव्हा चित्रीकरणावरून कागदावर आकृती गिरवायची होती, आज संगणकावर. अंबाड्यातून सुटलेली बट मात्र आजही तेवढाच त्रास देते.

सुनेची सावली मीटरवर पडली होती. मीटर गेला की तिथली सावलीही गेली. ती नव्या चिऱ्यावर पुन्हा पाडावी लागते. मध्येच ढग आला तर पॅचही तेवढाच मंदावावा लागतो. कॅमेऱ्याच्या चित्रात एक बारीक, सतत बदलणारी रवाळ हालचाल असते. एका चौकटीतून घेतलेल्या पॅचमध्ये हा रवा गोठलेला असतो, आणि जिवंत भिंतीवर तेवढाच चौकोन निर्जीव दिसतो. म्हणून आधी रवा काढून काम करायचं आणि शेवटी शेजारच्या भिंतीसारखाच रवा पुन्हा पेरायचा. एवढं सगळं नीट झालं, तर घरोघरी बसलेल्या प्रेक्षकाला काय दिसतं? एक भिंत.

दोर, कप आणि मिशी

दादासाहेब फाळक्यांच्या काळात एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून चित्रात भर घालता येत होती. आधी टिपलं गेलेलं काढणं फार अवघड होतं. त्यामुळे माणूस हवेत उडवायचा तर तार बारीक घ्यायची, मागच्या रंगाशी मिळती करायची आणि उजेड असा ठेवायचा की ती चमकू नये. तार जितकी बारीक, तितका लटकणाऱ्याच्या जिवाला धोका अधिक. १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’मध्ये मोटारसायकल उंचावरून कालव्यात उडी घेते, ती खरं तर जाडजूड दोरांवर तोललेली होती, आणि ते दोर नंतर संगणकावर काढले. दोर नंतर काढता येतो हे कळल्यावर तो जाड घेता येऊ लागला. या कलेचं मला सर्वांत मोठं वाटणारं देणं हे आहे: कसरत करणाऱ्या माणसाला भक्कम दोर मिळाला.

१९९४ च्या ‘फॉरेस्ट गम्प’मध्ये पाय गमावलेला लेफ्टनंट डॅन आहे. अभिनेते गॅरी सिनीझ यांच्या पायांवर निळं कापड चढवलं आणि पाय नंतर चित्रातून काढले. अशा कामासाठी माणूस बाजूला करून तीच जागा, शक्य तर कॅमेऱ्याच्या त्याच हालचालीनं, पुन्हा टिपतात. ती ‘क्लीन प्लेट’. चित्रीकरणाच्या दिवशी पाच मिनिटं काढून घेतलेली क्लीन प्लेट नंतरचे कित्येक दिवस वाचवते, कारण मागे खरं काय होतं याचं उत्तर हाताशी असतं.

ते उत्तर असण्या-नसण्यानं किती फरक पडतो, हे दोन गाजलेल्या प्रसंगांत दिसतं. ५ मे २०१९ ला प्रसारित झालेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या भागात, मध्ययुगीन भासणाऱ्या मेजवानीच्या टेबलावर आजच्या काळातला कागदी कॉफीकप राहून गेला. जगभर बोभाटा झाला, आणि दोन दिवसांत वाहिनीनं कप काढलेला भाग चढवला. कप एका जागी उभा होता. त्याच्या मागेपुढे काय असणार, हे शेजारचं टेबलच सांगत होतं.

दुसरा प्रसंग २०१७ च्या ‘जस्टिस लीग’चा. सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिल यांना काही दृश्यं पुन्हा चित्रित करायला बोलावलं, तेव्हा ‘मिशन इम्पॉसिबल’च्या पुढच्या चित्रपटासाठी त्यांनी मिशी राखली होती आणि त्या निर्मात्यांनी ती काढू दिली नाही. मग मिशी संगणकावर काढली. लाखमोलाची यंत्रणा हाताशी असूनही प्रेक्षकांना सुपरमॅनचा वरचा ओठ लगेच खटकला. बोलताना, हसताना त्या मिशीमागची त्वचा कशी ताणली जात होती, हे कॅमेऱ्यानं टिपलेलं नव्हतं. शेजारच्या गालावरून उसना आणलेला तुकडा ओठासारखा हलत नाही. तिथे नवा ओठच घडवावा लागतो. आणि माणसाचा चेहरा आपण जन्मापासून वाचत आलो आहोत.

शेजारच्या चौकटीतलं खरं

हेच तंत्र जुने चित्रपट वाचवतं. फिल्मवर धुळीचा कण बसला तर तो बहुधा एकाच चौकटीत असतो. त्याखालचं चित्र आधीच्या आणि नंतरच्या चौकटीत शाबूत असतं. संगणक त्या दरम्यानची हालचाल मोजतो आणि बरोबर तेवढा तुकडा तिथून आणतो. उभा ओरखडा जास्त चिवट, कारण तो शेकडो चौकटींत त्याच जागी असतो. पण कॅमेरा किंवा माणूस हलला की ओरखड्याखाली दडलेला भाग थोड्या चौकटींनंतर बाहेर येतो, आणि तिथून तो परत आणता येतो. ही उसनवारी मला सर्वांत निर्मळ वाटते: चित्रपटाचंच त्याला परत मिळतं.

इथेही डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. क्षणभर दिसून नाहीसा होणारा पावसाचा थेंब किंवा ठिणगी यंत्राला धुळीच्या कणासारखीच दिसते. यंत्र मोकाट सोडलं तर ते पाऊस पुसतं. म्हणून जाणता माणूस चौकटीमागून चौकट तपासतो. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या हातांनी सांधल्या, आणि २०१५ मध्ये त्रयी नव्यानं पडद्यावर आली. जिथे निगेटिव्ह उरली नव्हती, तिथे दुसऱ्या प्रतींतून चित्र घ्यावं लागलं. पुण्यातल्या २००३ च्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज सलग पाहता येत नाही. काही रिळंच उरली आहेत. जिथे शेजारची चौकटच राहिली नाही, तिथे कुठलंही तंत्र हात जोडतं.

धुराचे सारखे लोट

सोव्हिएत रशियातल्या एका छायाचित्रात कालव्याकाठी स्तालिनशेजारी त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह उभा होता. त्याला १९४० मध्ये गोळी घातली गेली, आणि पुढे छापलेल्या चित्रात त्याच्या जागी पाणी दिसू लागलं. तंत्र पाहिलं तर आपल्या मीटरसारखंच: शेजारचं पाणी उसनं आणलं. फरक असा, की मालिका पाहणाऱ्याला ती कथा आहे हे ठाऊक असतं. ते छायाचित्र पाहणाऱ्याला काहीच सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट २००६ मध्ये रॉयटर्सनं बैरुतच्या बॉम्बहल्ल्याचं एक छायाचित्र प्रसिद्ध केलं. धूर दाट दिसावा म्हणून छायाचित्रकारानं क्लोन हत्यार फिरवलं होतं. वाचकांना धुराचे तेच लोट पुन्हा पुन्हा दिसले आणि लबाडी उघडी पडली. संस्थेनं त्याच्याशी संबंध तोडले आणि त्याची सगळी, ९२० छायाचित्रं मागे घेतली. भिंतीतल्या जुळ्या भोकांसारखीच ही खूण होती: उसनवारी आपला माग ठेवून गेली होती.

आता तो मागही पुसट होतो आहे. २००० साली मार्सेलो बर्तालमिओ आणि सहकाऱ्यांनी चित्रातली पोकळी आपोआप भरण्याची पद्धत मांडली, ती जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्यांचं काम डोळ्यांसमोर ठेवून. २०१९ मध्ये अडोबीच्या आफ्टर इफेक्ट्समध्ये चालत्या चित्रातली जागा शेजारच्या चौकटींवरून भरून देणारी सोय आली. त्यानंतरची यंत्रं कुठल्याच एका चौकटीकडून उसनं घेत नाहीत. असंख्य भिंती पाहून शिकलेली यंत्रं इथे कसा चिरा शोभेल ते ठरवतात आणि नवाच घडवतात. त्यात जुळी भोकं सापडत नाहीत. मालिकेच्या भिंतीला त्यानं काही बिघडत नाही. बातमीत, न्यायालयापुढच्या पुराव्यात मात्र चित्राकडे पाहून खरंखोटं ओळखण्याची आपली सवय आता पुरणार नाही.

गेली वीसेक वर्षं जगभरच्या चित्रपटांचं रोटो आणि पेंटचं फार मोठं काम मुंबई, चेन्नई, हैदराबाद, बेंगळुरूमध्ये होत आलं आहे. मुंबईत १९९७ मध्ये सुरू झालेली प्राइम फोकस ही कंपनी २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी जोडली गेली. चित्रपट संपल्यावर वर सरकणाऱ्या नावांत हे काम करणारी मुलंमुली शेवटाकडे, बारीक अक्षरांत असतात. तोवर दिवे लागलेले असतात आणि आपण चपला शोधत असतो. पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा. ज्यांचं काम दिसलं तर ते चुकलं असं समजतात, त्यांची नावं तरी दिसू देत.

आणि त्यांच्याकडून एक सवय आपण सगळ्यांनी घ्यावी. नीट काम करणारा क्लीनअप कलाकार मूळ चित्रणाला कधी हात लावत नाही. पॅच वेगळ्या थरावर, ट्रॅक वेगळ्या फाइलीत, मूळ प्लेट जशी आली तशी. कुणी विचारलं, तर चिऱ्याचा तुकडा कुठून आणला हे तो दाखवू शकतो, आणि थर बंद केला की भिंतीवरचा मीटर पुन्हा जागच्या जागी दिसतो. बातमीदारानं, संग्रहालयानं, लग्नाच्या जुन्या चित्रफितीतून कुणाला तरी काढून टाकू पाहणाऱ्या घरानंही एवढं पाळावं. भिंत हवी तशी दिसू दे. मीटर तिथे होता हे सांगणारी मूळ प्लेट तेवढी जपून ठेवावी.